वाटीत फोडी किती?

कांबळे सिस्टर माणसाचं नाव विचारण्याआधी त्याची जीभ बघायच्या. राजारामपुरीतल्या आमच्या दवाखान्याची पायरी पेशंटनं चढली की ह्यांचा हुकूम सुटलाच, "जीभ काढा." मग बोटानं खालची पापणी ओढून बघत, ओठांचे कोपरे चिरलेत का ते बघत, आणि एवढी तपासणी झाल्यावर म्हणत, "बसा आता, पावणं." रिक्षावाले, क्लासची पोरं, एकदा तर पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमनसुद्धा ह्यातून सुटला नाही.

नव्वदच्या दशकात मी गडहिंग्लजहून येऊन तिथं केसपेपर लिहायच्या कामाला लागले, तेव्हा माझीही जीभ बाहेर निघाली. "च्या-बटरवर दिवस काढतीस व्हय गं, शैले?" मी भाड्याच्या खोलीत राहत होते आणि खरोखरच चहा आणि बेकरीतल्या कडक बटरवर दिवस काढत होते. मला असा राग आला! दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर दोन उकडलेली अंडी ठेवली आणि मी संपवेपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

त्यांची उमेदीची वर्षं शिरोळ भागात सरकारी नोकरीत गेली होती. गावोगाव फिरून त्या बाळांना अ जीवनसत्त्वाचा डोस पाजायच्या. दिवेलागणीला ठेचकाळणारं पोर त्या लांबून ओळखत आणि आईला झापत, "शेवग्याचा पाला शेरडाला घालतासा आणि पोराला टॉनिक आणतासा? पाला पोराला घाला की!" राजारामपुरीतल्या फ्लॅटमधल्या आयांना वेगळा डोस असे. "ऊन दाखवा त्याला जरा. शोकेसात ठिवायला जन्माला घातलाय व्हय?" आवाज असा की भिंतीपलीकडच्या दुकानदारालाही हा सल्ला फुकटात मिळे.

पण त्यांचा खास प्रश्न बायकांसाठी राखीव होता. हातापायाला मुंग्या येतात, दम लागतो, अशी तक्रार घेऊन बाई यायची आणि म्हणायची, "सिस्टर, ती लाल सुई मारा की."

"घरात मटण शिजतं?"

"शिजतंय की. दर रविवारी."

"आणि तुझ्या वाटीत फोडी किती?"

आमच्या कोल्हापुरात मटण सगळ्या घरासाठी शिजतं, पण फोडी जातात गड्यांच्या आणि पोरांच्या ताटात. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला नुसता रस्सा. डॉक्टरसुद्धा ह्यात फसायचे. केसपेपरवर 'मांसाहारी' दिसलं की त्या लाल सुईचा, म्हणजे बी-बाराचा, विचार सोडून द्यायचे. सिस्टर मात्र सुई टोचता टोचता बजावत, "ह्या सुया थोड्या दिवसांच्या. पुढं तुझं तू बघायचंस. वाढायच्या आधी दोन फोडी बाजूला काढ. ते जमत न्हाय तर अंडं खा, दूध पी, वाटीभर दही खा. निस्त्या पालेभाजीनं हे भरून येत न्हाय."

दुपारी मात्र त्या डबा घेऊन ड्रेसिंगच्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. एकदा मी म्हटलं, "इथं बसा की माझ्यासंगं." त्या म्हणाल्या, "तू जेव. मला एकटीनं जेवायची सवय हाय." पुढं कळलं, नोकरीतल्या एका गावात त्या बौद्ध म्हणून त्यांचा तांब्या वेगळा ठेवत, जेवायला कुणी शेजारी बसत नसे. ऐकून मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटून मी काय केलं, तर त्यांना एकांतच आवडतो असा सोयीचा समज करून घेतला. सहा वर्षं मी त्या बंद दाराबाहेर बसून जेवले. ह्याची मला आजही लाज वाटते.

एक दिवस त्या खोलीतून बाहेर आल्या त्या एकाच पायात चप्पल घेऊन. दुसरी मागं सुटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. आठवड्याभरात त्या जिन्यात पडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. बी-बारा अगदी तळाला गेलेलं. "सिस्टर, तुम्ही?" एवढंच डॉक्टर म्हणाले. मी तडक ड्रेसिंगच्या खोलीत गेले आणि त्यांचा डबा उघडला. आत दोन खारी, बाजूला बिनदुधाच्या चहाचा थर्मास.

"का हो, सिस्टर?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्हाला कळत नाही असं आहे का?"

"कळतंय की सगळं," त्या म्हणाल्या. "पर एकटीसाठी भाकरी थापाय हात उठत न्हाय गं. दूध आणलं की नासतंय. मटण आणायचं तर कुणासाठी?" त्या दिवशी त्यांचा आवाज भिंतीपलीकडं गेला नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. मी दोघींचा डबा आणू लागले आणि ड्रेसिंगच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवू लागले. पहिले दोन दिवस त्या पाठमोऱ्या बसून जेवल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या ताकात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हळूहळू मुंग्या कमी झाल्या. उजव्या तळव्याची जाणीव काही पूर्ण परतली नाही. फार उशीर झाला होता, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

पुढं माझं लग्न झालं, मी गडहिंग्लजला परत गेले. त्याच वर्षी सिस्टरही नोकरी सोडून शिरोळला भाच्याकडं राहायला गेल्या. एकदा मी एसटीनं त्यांना भेटायला गेले. घर माणसांनी भरलेलं, सोप्यात पंगत बसलेली. सिस्टर कुठं दिसेनात. भाच्याची बायको भली होती. अंडं, दही, मऊ भाकरी, सगळं ताटात नीट वाढून ती आतल्या खोलीत घेऊन निघाली होती.

"आत्तींना एकटीनंच जेवायची सवय हाय," ती म्हणाली. "आम्ही मधी मधी करत न्हाय."

मला तिच्यावर रागावता येईना. सहा वर्षं हेच तर मी स्वतःला सांगत आले होते. मी म्हटलं, "माझंही ताट आतच वाढा."

त्या दिवशी सिस्टर दीड भाकरी जेवल्या. मला उंबऱ्यापर्यंत पोचवायला भिंत धरत धरत आल्या.

"परत कधी येतीस?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं.

मग घरचं काम निघालं, मग मला दिवस गेले, मग शिरोळकडं पुराचं पाणी चढलं. कारणं काही कमी पडली नाहीत. मी गेले ती थेट त्यांच्या मातीला.