सहा रिळांच्या सिनेमातला आठवा डबा

"ये आठ नंबर कहाँ से आया?" हसनभाईंनी विचारलं. "पिक्चर तो छे रील का है."

आखातात, मनामा शहरातल्या एका थिएटरच्या प्रोजेक्शन केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. खाली फ्रेंच मंडळींसाठी दुपारचा खास शो चालू होता. कादंबरीवरून काढलेला फ्रेंच रहस्यपट. खुनी कोण, ते अगदी शेवटच्या रिळात कळणार होतं.

मी सहायक ऑपरेटर, ट्रायलवर. आमच्या घरातून कॉलेजचं शिकणारा मी पहिलाच, बी.ए. पत्राद्वारे करत होतो, तेही या नोकरीच्या भरवशावर. मॅनेजर वर्गीस साहेब सकाळीच म्हणाले होते, "आज शो ठीक गया तो व्हिसा. नहीं तो घर का टिकट."

तेव्हा सिनेमा डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ, साधारण वीस मिनिटांचं. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, त्या क्षणी दुसरा चालू करायचा. याला चेंजओव्हर म्हणतात. पहिली तीन रिळं मी लावली होती. तिसरं चालू असताना मी दुसरं उलटं गुंडाळायला घेतलं, तोवर चौथं हसनभाईंनी चढवलं आणि चेंजओव्हरही केला.

मी त्यांच्या हातातला डबा बघितला. त्यावर खडूनं लिहिलं होतं ४. मराठीतला चार.

आमचे मुख्य ऑपरेटर सावंतकाका गुहागरचे. आदल्या दिवशी त्यांनी रिळं तपासली, डब्यांवर आकडे टाकले आणि रात्रीत तापानं आडवे झाले. म्हणून शेजारच्या जिदहफ्स गावचे अरब हसनभाई ऐन वेळी मदतीला आले होते.

"भाई, ये चार है."

"चार तो चल रहा है!" त्यांनी रिकामा डबा पुढे केला. त्यावर होता ६.

अरबीतला चार जवळजवळ आपल्या सहासारखाच दिसतो, आणि आपला चार इंग्रजी आठसारखा. पडद्यावर शेवटचं रीळ चाललं होतं.

"चुप रह," हसनभाई म्हणाले. "फ्रेंच पिक्चर है, आगे-पीछे चलता है. लोग समझेंगे, डायरेक्टर का दिमाग है."

"और बीच में 'समाप्त' आ गया तो?"

हसनभाईंनी डबा खाली ठेवला.

सांगितलं तर माझा व्हिसा जाणार. नाही सांगितलं तर खाली बसलेल्या सगळ्यांचा सिनेमा. मी इंटरकॉमवर वर्गीस साहेबांना गाठलं.

"सर, गलत रील लगा है. आखिरी वाला."

"किसने लगाया?"

"सर, वो बाद में. अभी इंटरव्हल कर दें?"

"फ्रेंच पिक्चर में इंटरव्हल?"

"हिंदी में करते हैं, वैसा ही."

साहेब म्हणाले, "यल्ला, चलो, करो."

दिवे लागले. वर्गीस साहेबांनी सगळ्यांना चहा आणि समोसे दिले. तेवढ्यात आम्ही चार नंबर चढवला.

शो सुटल्यावर एक म्हातारे फ्रेंच गृहस्थ साहेबांना भेटले. त्यांनी कादंबरी वाचलेली होती. इंग्रजीत म्हणाले, "कादंबरीत खुनी बाई शेवटी पकडली जाते, तुम्ही तिला मध्येच पोलिसांच्या गाडीत बसवलंत. मला वाटलं, गोष्ट बदलली, खुनी दुसराच निघणार. शेवटपर्यंत धाकधूक होती."

"इंडियन स्टाइल, सर," वर्गीस साहेब म्हणाले. माझ्याकडे मात्र हसून बघितलं नाही.

तरी व्हिसा लागला. त्यानंतरचं पहिलं काम मिळालं ते सगळ्या डब्यांवर इंग्रजी आकडे घालण्याचं. सावंतकाका बरे होऊन आले, तेव्हा डब्यांकडे बघत राहिले.

"हे अक्षर कुणाचं रे?"

"माझं, काका. साहेबांनी सांगितलंय."

"बरं," म्हणाले. मग खडू घेऊन प्रत्येक आकड्याखाली त्यांनी मराठीत अक्षरी लिहिलं : चार, पाच, सहा. "आता वाच म्हणावं त्या हसनला."

तेव्हापासून डबा उघडण्याआधी मी दोन्ही वाचायचो.