आमच्या मृगांकशेखरचं बारसं

गेल्या रविवारी सोलापुरात आईकडं बारसं होतं... आणि आत्या म्हणजे अस्मादिक! मोडनिंबहून दोन दिवस आधीच बॅग भरून हजर झाले. भाच्याचं नाव ठेवायचा मान म्हणजे काय साधी गोष्ट आहे का?

नाव मी कधीचंच ठरवून टाकलं होतं. 'ईश'. सुटसुटीत, एका दमात म्हणता येणारं.

त्याला कारणही होतं. माझी भावजय भाग्यश्री बोलताना अडखळते, 'म'वर तर हमखास. (तिला विचारूनच लिहितेय बरं का.) आईलाच पोराचं नाव घेताना त्रास नको, एवढाच माझा विचार. सात रस्ता चौकातल्या एका दुकानात बारशाच्या बॅनरची ऑर्डरसुद्धा देऊन आले... कुणाला न विचारता. माझा स्वभावच तसला.

शनिवारी सकाळी बाळाला तेल लावता लावता भाग्यश्रीनं विषय काढला. तिच्या मनात वेगळंच नाव होतं... मृगांकशेखर.

मला आधी हसूच आलं. मृगांक म्हणजे चंद्र, तो ज्याच्या डोक्यावर तो महादेव, हे तिनं नीट समजावलं. पण एवढं लांबलचक? आणि तेही 'म'चंच? म्हटलं, "अगं, महादेवाचंच हवंय तर चंद्रशेखर ठेव की."

ती थांबत थांबत बोलली, मी सलग लिहितेय. "चंद्रशेखर सगळ्यांना येतंय, ताई. मी 'चं' म्हटलं की पुढचं लोकच म्हणत्यात. ह्ये नाव कुणाला पुरं करता येणार न्हाई. माझं बोलून हुईस्तवर थांबावंच लागंल."

तिनं बाळाला कुशीवर वळवलं आणि हळूच म्हणाली, "लग्नातला उखाणासुदीक मी घेतला न्हाई. तुमी घेतला."

खरं होतं ते. लग्नात उखाणा घेताना ती माझ्या भावाच्या, महेशच्या नावापाशी अडकली होती. 'म... म...' चाललेलं, सगळा मांडव बघतोय. मीच पटकन 'महेशराव' म्हणून टाकलं. हशा झाला, टाळ्या पडल्या.

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी वेळ निभावून नेली. तिच्या तोंडचा घास काढून घेतला होता मी... आणि वर शाबासकीही घेतली होती. फार लाज वाटली त्या दिवशी.

लगेच बॅनरवाल्याला फोन लावला. "एवढं मोठं बसतंय व्हय, मॅडम?" म्हणाला. म्हटलं, अक्षरं बारीक करा, पण बसवा. नवा बॅनर आला तो गुंडाळूनच ठेवला, आधी कुणी वाचायला नको म्हणून.

रविवारी पाळण्यापाशी मी जाहीर केलं की नाव भाग्यश्रीच सांगणार. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं... "आत्या असताना आई कशी काय?" मी म्हटलं, मान माझा ना? मग तो कुणाला द्यायचा ते मीच ठरवणार!

कानात नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायची आमच्याकडं पद्धत. त्यामुळं सगळ्या बायका तिच्याभोवती हात उगारून तयारीत. भाग्यश्री वाकली, 'कुर्रर्र' केलं, बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि सगळ्यांना ऐकवायला मान वर केली.

"म..." अडकली. डोळे मिटले. परत "म... म..."

काकूंनी सवयीनं मदतीला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. म्हणणार काय? तिची आई पदराचा बोळा तोंडाशी धरून बसलेली. माझ्या तर अगदी जिभेवर आलं होतं नाव! दात आवळून गप्प राहिले. एवढं अवघड काम मी जन्मात केलं नाही.

दहा-बारा हात तसेच हवेत थांबलेले... आणि ती अजिबात घाई करत नव्हती.

"मृगांक..." एक श्वास. "...शेखर!"

मग जे काय धपाटे पडलेत! पोर हसत होती, रडत होती, पाठ चोळत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणालीस? परत सांग की." तिनं परत सांगितलं. परत अडकली, परत सगळे थांबले.

मी तिच्यासाठी सोपं नाव शोधत बसले होते. तिला माणसांनी जरा थांबायला हवं होतं, आणि तेवढी जागा तिनं पोराच्या नावात करून घेतली. हे सुचायला काय डोकं लागतं, आणि करायला काय धाडस...

भाग्या, तुझ्या लग्नात मला थांबता आलं नाही. रविवारी तू थांबायला शिकवलंस. थँक यू गं.