माशासाठी शिळं पाणी

कामोठ्याच्या त्या जुन्या सोसायटीचा जिना राजश्री संध्याकाळी कठड्याला धरूनच चढायची. दिवसभर सीवूड्सला एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि घरी आलं की सासू. मधला रिक्षातला प्रवास तेवढी तिची सुट्टी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी मैत्री नोकरीला पुण्याला गेली आणि जाताना आजीच्या सोबतीला म्हणून काचेच्या टाकीत एक निळा फायटर मासा ठेवून गेली. म्हणजे सांभाळायला आणखी एक. राजश्रीने तेव्हा कपाळाला हात लावला होता.

पण खोटं कशाला बोला, त्या माशाने तिची नोकरी वाचवली. आधी चांगुणाबाई घरात एकट्या बसून दुपारभर फोन करायच्या, कधी येतेस, कधी येतेस. मासा आला आणि फोन थांबले. त्या टाकीला खुर्ची लावून बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. महाडकडच्या त्यांच्या गावातली मेलेली आणि जिवंत, सगळी माणसं त्या माशाला तोंडपाठ झाली असणार. मासाही वस्ताद. त्यांचा चेहरा जवळ आला की कल्ले फुगवून अंगावर यायचा. त्याच्या टाकीत दुसरा मासा सोडायची सोय नव्हती, लगेच मारामारी. "माज्यासारकाच हाय, कुनाशी पटत नाय त्याचं," असं चांगुणाबाई कौतुकाने सांगायच्या, आणि सून म्हणून राजश्रीला त्यातलं अक्षर न् अक्षर मान्य होतं.

घरातलं एकच काम त्यांनी सोडलं नव्हतं, पाण्याचं. सकाळी उठलं की आदल्या दिवशीचं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला त्यांना हात लावू देत नसत. आई हंडा घेऊन लांब उभी राहायची. कुणाच्या मनात आलं तर वरून ओतायचे, नाही तर कुणाच्या घरचं कालचं उरलेलं पाणी मिळायचं. पुढे स्वतःचं घर झालं तेव्हा चांगुणाबाईंनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. आपल्या घरात शिळं पाणी राहायचं नाही, आणि पाण्यासाठी कुणाच्या दारात जायचं नाही. राजश्री लग्न होऊन आली तेव्हापासून दोन्ही पाळत आली होती.

आणि ह्या माशाला नेमकं शिळंच पाणी लागायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनचं औषध त्याला सोसत नाही, ते उडून जायला पाणी दिवसभर उघडं ठेवावं लागतं. त्यासाठी राजश्रीने मोरीत दाराआड एक बादली ठेवली होती आणि तिला हात लावायचा नाही असं सासूला बजावलं होतं. बजावलेलं चांगुणाबाईंच्या डोक्यात हल्ली टिकायचं नाही.

एकदा पाइपलाइनच्या कामासाठी काही दिवस पाणी बंद होतं. सोमवारी ते आलं, ते औषधाचा भपकारा घेऊनच. राजश्री संध्याकाळी घरात शिरली तर सासू एकदम खुशीत.

"सगळं धुवून काडलं बग. ती दाराआडची बादली पन वतली. किती दिसाचं पानी ठेवतेस गो? आनि ह्याला पन दिलं ताजं, पेल्यापेल्यानं. त्यानं काय म्हनून शिळ्यात ऱ्हायाचं?"

मासा टाकीच्या तळाशी कलंडून पडला होता. पर मिटलेले, कल्ले भराभर हलत होते.

"दमला वाटतं. झोपलाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

राजश्री टाकीपाशी वाकली. तिला ओरडायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण सासूचे हात दिसले, घासून घासून सुरकुतलेले, अजून ओले. मासा मेला आणि तो आपल्या हाताने, हे कळलं तर ही बाई पाण्याला पुन्हा हात लावणार नाही. मग त्या खुर्चीत बसून दिवसभर करणार काय, आणि कुणाशी बोलणार?

"झोपलाय, आई. मी आलेच," असं म्हणून तिने रिकामी बादली उचलली.

पाण्यातलं औषध घालवणारे थेंब मिळतात, पण मानसरोवर स्टेशनजवळचं ते माशांचं दुकान सोमवारी बंद असायचं. राहता राहिले शेजारी. पहिल्या दारात बाई हसली. "शिळं? अहो ताई, एवढ्या दिवसांनी आत्ता कुठे पाणी आलंय. ताजं न्या ना." पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्या दारात नुसतं डोकं हललं. राजश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली सून शिळं पाणी मागत दारोदार फिरतेय हे चांगुणाबाईंना कळलं असतं तर त्यांनी आठवडाभर अन्नाला हात लावला नसता.

शेवटी वरच्या मजल्यावर वेणूबाईंचं दार. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहून वाहून गेला, मुलगा सुरतेला. राजश्रीची त्यांच्याशी ओळख जिन्यात हसण्यापुरती. दार उघडायला बराच वेळ लागला.

"मावशी, कालपरवाचं पाणी आहे का घरात?"

वेणूबाईंचा चेहरा पडला. "तुला कुनी सांगितलं गं?"

कुणीतरी आपली चहाडी केली असं त्यांना वाटलं. राजश्री आत गेली. ओट्यावर हंडा होता, त्यातल्या पाण्यावर धुळीची साय धरलेली.

"गुडघं धरल्यात. हंडा काय उचलत न्हाई," वेणूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "त्यातलंच पेल्यानं घेती आन दिवस ढकलती. पर असलं पानी दुसऱ्याला कसं देऊ? पाप लागंल मला."

"माशाला हेच लागतं, मावशी."

तिने वास घेतला. औषधाचा मागमूस नव्हता. वरची धूळ काढून बादली भरली. मग हंडा घासला, नळाखाली धरला, भरून परत ओट्यावर ठेवला. हे दयेपोटी झालं असं म्हणायला नको. दिवसभर तेच करणाऱ्या हातांना थांबायचं कळत नाही, एवढंच. हंडा उचलताना ती मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होती.

घरी सासूचा डोळा लागला होता. राजश्रीने पेल्यापेल्याने टाकीतलं पाणी बदललं. सकाळी मासा वर आला होता. एक दाणाही खाल्ला.

"बग, ताजं पानी मानवलं त्याला," चांगुणाबाई म्हणाल्या.

"हो, आई."

कामावरून येताना राजश्रीने झाकणाचा मोठा कॅन आणला, भरला, आणि झाकण काढून कपाटामागे ठेवला. तिथे सासूचा हात पोहोचत नव्हता. माशाची सोय झाली. आता वर जायचं कारण उरलं नाही, आणि तिला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जिना चढत होती. पाय भरून आले होते. वेणूबाई वरून कठड्यावर वाकून उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

"राजश्री, पानी ठेवलंय गं तसंच. प्यायापुरतं घेतलं, बाकी हात न्हाई लावला. माशाला लागंल न्हवं?"

राजश्रीचं स्वतःचं दार समोर होतं. किल्ली हातात होती. तिने ती परत पर्समध्ये टाकली.

"लागतं ना, मावशी. रोज लागतं," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून आणखी एक मजला चढली.