कढीलिंबाच्या चोरीचा तपास

बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यात भाड्याने राहत असताना मी एका सत्तर वर्षांच्या सज्जन बाईला चोर ठरवलं. पुराव्यानिशी!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गच्चीवर कुंडीत कढीलिंब होता, नागपूरहून रेल्वेत मांडीवर बसवून आणलेला. (बनारसच्या भाजीवाल्याकडे कढीलिंब मागितला की तो दातणाचा कडुनिंब पुढे करी.) त्याची पानं रोज कमी होऊ लागली. गच्चीवर आमच्याखेरीज येत कोण? खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू, पापड वाळवायला. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरातून दोनदा कढीचा वास!

मी फुलपाखरांचा जाणकार. (असं मीच सांगत असे.) पंखाची कड नि ठिपके पाहून जात ओळखायची, वहीत चित्र काढायचं. तीच विद्या पानांवर चालवली.

"हे बघ," मी बायकोच्या हातात भिंग दिलं. "अर्धचंद्राकार कड. हे अंगठ्याचं नख!"

"आणि हे काळं-पांढरं?"

"चिमणीची शीट. तपासाशी संबंध नाही."

"अहो, काकूंना काही बोलू नका हं. पाणी त्यांच्याच नळाचं भरतो आपण."

मी कुठे बोललो? फक्त जिन्यात गाठून म्हणालो, "काकू, जरा अंगठा दाखवता?"

"कशाला रे? सही येते मला!"

नख पाहिलं. अर्धचंद्र! (सगळ्यांचीच नखं तशी असतात, हे नंतर सुचलं.) मी वही उघडून पुरावा दाखवला.

दुसऱ्या दिवशी नळाकडच्या दाराला आतून कडी! बायकोने दोन रिकाम्या बादल्या माझ्या हातात दिल्या. गल्लीच्या टोकाचा हातपंप, वर अठ्ठावीस पायऱ्या. चौथ्या खेपेला काकू चष्मा लावून गच्चीवर हजर.

"हद्द झाली! दाखव माझी चोरी."

कुंडीवर वाकून त्यांनी काडीने शीट टोचली. शिटेने डोकं उचललं, दोन नारिंगी शिंगं काढली नि असा उग्र दर्प सोडला की मी बादलीत बसलो! अळी होती. एक नव्हे, अकरा!

लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या. ते काळं, पिवळट ठिपक्यांचं, बिनशेपटीच्या पंखांचं फुलपाखरू माझ्या वहीत पहिल्याच पानावर होतं. याच कुंडीवर ते अंडी घालत असताना मीच त्याचं चित्र काढलं होतं!

"काकू, यांना अजून पंख नव्हते हो..."

काकू बायकोकडे वळल्या. "चल गं, दरवाजा खोलते. पाणी भर. पण या गाढवाला पाठवू नकोस, नळ कुठला ते ओळखायचा नाही!"