एका रेडिओला दोन मोडेम

जव्हारला एसटी आगाराजवळ माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानामागेच घर, आणि घरात माझा लाडका बिनतारी सेट. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर बिनतारी चालवायचा, परवाना आम्हा नवरा-बायको दोघांनाही आहे. ती पहिल्या खेपेला पास झाली आणि मी दुसऱ्या, हे ती आल्यागेल्याला आवर्जून सांगते. ती वांगणीकडच्या उपकेंद्रात नर्स आहे. पावसाळ्यात मुक्कामच तिकडे. लाईट गेली की तिथला मोबाइलही मुका होतो, म्हणून तिच्या खोलीवरही मी एक सेट बसवून दिला. मधल्या डोंगरामुळे आवाज फाटतो, पण सेटला मोडेमची डबी जोडली की टाइप केलेली अक्षरं पोचतात. ती डबी अक्षरांचे सूर करते आणि पलीकडची डबी सुरांची परत अक्षरं करते, बस.

माझा एक मित्र मोखाड्यात हाच नाद करतो. त्याची डबी नव्या पद्धतीची, तिची भाषाच वेगळी. म्हणजे माझ्याकडे दोन डब्या, पण सेटला मागे भोक एकच! बायकोशी बोलायचं तर एक पिन काढा, मित्राशी बोलायचं तर दुसरी खुपसा. मला चैन पडेना. दोन्ही एकदम जोडल्या तर काय होईल? सुट्टीत आलेली असताना बायको म्हणाली होती, "चालतंय ते चालू द्या ना!" पण ऐकेल तो मी कसला. ती ड्युटीवर परतली आणि मी दोन्ही डब्यांच्या तारा एकत्र जोडून टाकल्या. तिला "पोचलं का?" विचारलं, लगेच "पोचलं" आलं. मित्राचंही आलं. मी एकटाच घरात टाळ्या वाजवल्या.

दुपारी लाईट गेली. सेट बॅटरीवर होता. बॅटरी पुरवून वापरायची हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं, म्हणून मित्राची डबी मी बंद केली. वर सेटला दमट हवा लागू नये म्हणून बायकोने विणलेला रुमाल झाकला. आमच्या घरात टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना रुमाल आहेत.

नंतर पाऊस जो लागला तो लागलाच. वांगणीकडे एका बाईचे दिवस भरलेत, हे बायकोने सकाळीच कळवलं होतं. गाडी लागली तर तू कळव, मी इथून पाठवतो, असं ठरलं होतं. पण दुपार कलली तरी अक्षर नाही. तिचा फोन बंदच. गच्चीवर जाऊन अँटेना पाहिली, केबल चाचपली, देवाला हात जोडले. शेवटी सेटवर हात टेकला, तर तवा! रुमाल उचलला आणि बघतो तर लाल दिवा पेटलेला. म्हणजे माझाच सेट दुपारभर प्रक्षेपण करत होता. काखेत कळसा, गावाला वळसा!

मित्राची डबी चालू केली, लाल दिवा विझला. बंद केली, पेटला. अरेच्चा! बंद डबी कशी काय बोलते? तशाही अवस्थेत मला पुन्हा खटका दाबून बघावासा वाटला, खोटं कशाला सांगू. प्रकार साधा होता. सेटची 'बोल' म्हणणारी तार जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, टेकली की सेट बोलू लागतो, आणि वीज तोडलेली डबी त्या तारेला आतल्या आत अर्थिंगला टेकवत होती. बायकोच्या खोलीवरची डबी मात्र रीतभात पाळणारी. कुणी बोलत असेल तर ती मधे तोंड घालत नाही, निरोप घेऊन थांबते.

मित्राची डबी चालू ठेवली, आणि क्षणात पडद्यावर अक्षरं आली. "बाई अडली आहे. डोलीतून निघतो. गाडी डांबरी रस्त्याला पाठवा." कधीपासून थांबला होता हा निरोप? मी चप्पल न घालता दवाखान्यात पळालो.

गाडी पोचली तेव्हा डोली वाहणारी माणसं रस्त्याकडेला बाईवर प्लास्टिकचा कागद धरून उभी होती. मुलगी गाडीतच झाली. दोघी सुखरूप. हे ऐकलं आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो.

पुढच्या सुट्टीत बायको आली, तोवर मी त्या तारांमध्ये दोन डायोड घातले होते. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे बंद डबीला आता सेटला बोलायला लावता येत नाही. तिने स्वतः डबी बंद-चालू करून पाहिली. मी शिव्या खायच्या तयारीत उभा होतो.

"तिकडे माझ्या सेटचा सिग्नल दाखवणारा काटा दुपारभर भरलेला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही काहीतरी सांगताय आणि मलाच ऐकू येत नाहीये. म्हणून किती वेळ नुसती कान देऊन बसले, बाहेर डोली तयार असताना."

मग तिने सेटवरचा रुमाल काढला, घडी केली आणि आपल्या पिशवीत टाकला.