चुलीवरचे प्लग

भुताखेतांच्या गप्पा आमच्या वालावलीत रोजच्याच. मी मात्र इंजिनातला माणूस... ठिणगी पडली तर गाडी चालते, नाही तर नाही. आजही मी त्याच मताचा आहे, तरी हे लिहितोय.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. माझी जुनी पेट्रोलची टॅक्सी होती, कुडाळ-मालवण मारायचो. घर खाडीलगत, त्यामुळे थंडीत पहाटे इंजिन हमखास मिसिंग करायचं. कॉइल बघितली, पॉइंट घासले, एकेक ठिणगीच्या प्लगची वायर काढून कुठला सिलिंडर मेलाय ते शोधलं. रोज वेगळाच! शेवटी कळलं, दोष कशाचाच नाही, दमट हवेचा आहे. मग रात्री प्लग काढून ठेवायचे आणि पहाटे माझी बायको सुमती ते डब्याच्या झाकणात घालून निखाऱ्याशेजारी तापवायची. "आधी तुमच्या प्लगांका ऊब, मगे माका चाय," म्हणायची. मी मागल्या दारातून नुसता हात आत घालायचो — "हाड गो", म्हणजे आण गं — की फडक्यात धरलेलं झाकण हातात यायचं.

सुमती गेली त्याच्या पुढच्या थंडीत लेक बाळंतपणाला आली. पहाटे कळा सुरू झाल्या, पोर अडली, अंगावरून रक्त जायला लागलं. कुडाळचा दवाखाना गाठायलाच हवा होता, आणि गाडी नुसती थडथडून बंद पडत होती. प्लग काढले, झाकण विझलेल्या चुलीवर ठेवलं, आत लेकीजवळ बसलेल्या शेजारच्या काकींना ओरडून सांगितलं, "काकी, चूल पेटवा!" आणि डिस्ट्रिब्युटर पुसायला धावलो.

परत येऊन सवयीने हात आत घातला. "हाड गो, बेगीन." फडक्यातलं झाकण हातात आलं. प्लग चटका बसेल इतके तापलेले. लावले, गाडी पहिल्या हँडलला उठली. लेक वाचली, नातूही.

संध्याकाळी काकींचे आभार मानले तर त्या म्हणाल्या, "माका खंय आयकाक इला? चेडवाचो हात सोडूकच नाय मी."

घरी येऊन चुलीत हात घातला. राख थंडगार, लाकडं रचलेली तशीच.

कारण मला आजवर सापडलेलं नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सुमती असताना झाकण घेताना मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं, घाईच असायची... त्या दिवशीही नाही बघितलं.