न लागणाऱ्या वस्तूंची यादी

आधी चहा संपवून घ्या, मग सांगते. नाहीतर माझ्यासारख्या बाईला कोणी घरात घेतं तरी कसं, म्हणून कप तसाच खाली ठेवाल.

आमच्या समोरच्या घरातली पल्लवी. इंजिनिअर झाली आणि वर्षभर नोकरी शोधत बसली. त्या दिवशी चार वाजता तिची बंगलोरच्या एका कंपनीत मुलाखत होती, लॅपटॉपवरूनच. स्वतः केलेलं काम त्यावर चालवून दाखवायचं होतं. आता मुलाखत तिची, पण लगबग माझी! साडेतीनलाच कोथिंबिरीच्या सांबारवडीची वाटी घेऊन मी हजर.

पल्लवी काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम लिहीत होती. कुठलंसं जुनं सॉफ्टवेअर पॅकेज काढून नवं घालायचं होतं म्हणे. नुसतं लिहायचं आणि मशीन ऐकणार. तिने हुकूम दिला तशी खाली नावांची ही लांब यादी आली. ती कपाळाला आठ्या घालून वाचायला लागली, तेवढ्यात खालून आईने हाक मारली.

"आलीच मी काकू. हात नका लावू याले," म्हणत ती गेली.

हात कशाला लावू? मी वाचत होते. दहावीपर्यंत इंग्रजी होतं मला. वरच लिहिलं होतं, या वस्तू आता लागत नाहीत. शेवटी प्रश्न, पुढे जायचं का? आणि बाजूला एक रेघ लुकलुकत उभी. पाहुण्याने दारातून विचारावं आणि घरातून कोणी बोलू नये, तसं वाटलं हो! शिवाय अडगळ काढण्यात माझा हात कोण धरेल? पल्लवीच्या आईचा माळा दर दिवाळीला मीच रिकामा करते, ती नको म्हणाली तरी.

‘येस’चं वाय दाबलं. एंटर दाबलं.

सरसर नावं धावली. मग चित्र गेलं, घड्याळ गेलं, सगळं गेलं. उरलं नुसतं काळं.

पल्लवी आली, पाहिलं आणि खुर्ची सोडून जमिनीवरच बसली.

"काकू, काही दाबलं काय तुम्ही?"

"त्यानं विचारलं वं बाई, मी हो म्हटलं. लागत नाही म्हणून तोच सांगून राहिला होता."

"पूर्ण डेस्कटॉप काढला त्यानं."

"मग घाल ना परत."

"नेटवरून घालावं लागते, काकू. नेट जोडणारंच गेलं त्यात."

पावणेचार झाले होते. वाटी ठेवावी की परत न्यावी, तेही मला सुचेना.

पल्लवीने कंपनीला फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशीची चारची वेळ दिली, शेवटची म्हणून बजावून. मग मोबाइल वायरने जोडून एकेक वस्तू ती परत घालत बसली. मी आमच्या खिडकीतून बघत होते. तिचा दिवा विझेपर्यंत जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे हे म्हणाले, "भिवापूरले येतं काय वं? मिरच्या घेऊन येऊ."

सत्तावीस वर्षांत या माणसाने मला कधी इथल्या इथे सदर बाजारातही नेलं नाही! वाटलं, बायकोचा उतरलेला चेहरा बघवला नसेल. लगेच हो म्हटलं, नवी साडी नेसले.

बस शहराबाहेर पडली तसा यांनी फोन लावला.

"वहिनी, निघालो बरं आम्ही. संध्याकाळपर्यंत येत नाही. पोरीले म्हणा, आता मुलाखतीले खुशाल बस."

घरात मिरच्यांचा डबा गच्च भरलेला आहे, हे मला तेव्हा आठवलं. पण तक्रार कोणत्या तोंडाने करू? यांनीही विचारलंच होतं. यादीत नाव कोणाचं आहे ते न बघता हो मीच म्हटलं होतं.